हंटरच्या पुस्तकावरचा लाल अंगठा

१

"हात लावू नकोस आधी. नुसतं बघ," गंधे सर म्हणाले.

मी बघितलं. टेबलावर एक जाड इंग्रजी पुस्तक उघडं होतं. पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या पानावर सरांची सही, तिच्याखाली ८७७ हा आकडा आणि 'कोल्हार' हे गावाचं नाव. त्याच पानाच्या आतल्या कडेला, जिथं पान शिवणीत जातं तिथं, अंगठ्याएवढा डाग होता. मध्ये लाल, कडेनं तपकिरी. रक्त वाळल्यावर दिसतं तसा.

"रक्त आहे ते," सर म्हणाले. "पण ते बाजूला ठेव. हे पुस्तकच माझं नाही."

"सही तर तुमची आहे, सर."

"सही माझी, आकडा माझा, अक्षर माझं. पुस्तक माझं नाही. याला काय म्हणतात, सांग. आमच्या घरात याला एकच शब्द आहे सध्या."

मी मोनिका साळवे. श्रीरामपुरात माझं बाइंडिंगचं दुकान आहे. पप्पा मिशनच्या छापखान्यात गीतांची पुस्तकं बांधायचे, त्यांच्याकडून मी शिकले. आता मी बायबल बांधते, पोथ्या बांधते, शाळेची हजेरीपुस्तकं बांधते. देव कुठलाही असो, शिवण सारखीच घालावी लागते. रविकांत गंधे सरांनी मला चार वर्षं इतिहास शिकवला आणि त्यात मी दोनदा नापास झाले, तरी त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही. म्हणून त्यांचा फोन आला तशी मी हातातली सुई टाकून गेले.

सरांच्या त्या खोलीत अकराशेच्या वर पुस्तकं आहेत, सगळी लढाऊ विमानांची. वैमानिकांच्या आठवणी, तुकड्यांचे इतिहास, इंजिनं कशी खोलायची याची पुस्तकं. नगरला लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या की बंगल्यांतून रद्दी निघते. सर पंचेचाळीस वर्षं दर मे महिन्यात खांद्याला पिशवी अडकवून एसटीनं नगरला जायचे आणि रद्दीवाल्यांच्या ढिगात बसायचे. हा माणूस आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नाही. गाव त्यावरून हसायचं आणि सरही हसायचे.

त्यांची नोंदवही मात्र विचित्र. तीत पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही. '८७७, हंटर, कोल्हार, १९९८.' बस्स. सरांचं म्हणणं, पुस्तक त्या विमानाचं असतं, लिहिणारा नुसता निमित्त. मी कितीदा सांगितलं, सर, नाव लिहीत जा. ते म्हणायचे, नावं माझ्या डोक्यात आहेत.

आता सगळे त्या डोक्यावरच संशय घेत होते.

"८७७ मला कोल्हारच्या एका माणसानं दिलं," सर म्हणाले. "तरुणपणी हवाई दलात हंटर विमानं दुरुस्त करायचा, मग गावी येऊन ऊस लावायला लागला. त्यानं स्वतःच्या पुस्तकात पेन्सिलीनं पानापानावर टिपणं लिहिली होती. मला ती पाठ आहेत. या पुस्तकात एक टिपण नाही. हेही हंटरवरचंच आहे, पण कुठलंतरी फालतू, चित्रांचं."

"असं एकच?"

"चार. ३१२ नॅट, ५४० कॅनबेरा, १०६ व्हॅम्पायर. दर वेळी विमान तेच, आकडा तोच, सही माझी. मी म्हणतो बदललं, घरचे म्हणतात तुम्हीच आणलं आणि विसरलात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. शुक्रवारी अनिमेष गाडी घेऊन येतोय. पुण्याला विसरभोळ्या म्हाताऱ्यांना ठेवतात तिथं माझं नाव घातलंय त्यानं."

अनिमेष म्हणजे त्यांचा मुलगा. आणि आज मंगळवार होता.

"मोनिका, मला मरणाची भीती वाटत नाही. पण मी रोज सकाळी उठल्या उठल्या एकोणतीसचा पाढा म्हणतो. कुठं अडखळलो तर काय, या विचारानंच घाम फुटतो. तू पुस्तकं ओळखतेस. एवढंच बघून सांग, पुस्तक खोटं आहे का मी. आणि मी असलो, तर तेही सांग. लपवू नकोस."

पप्पांनी शेवटच्या वर्षी मला ओळखलं नव्हतं. मला 'सिस्टर' म्हणायचे, दवाखान्यातली समजून. ती गोष्ट आत्ता या खोलीत आठवायला नको होती.

२

नीलांबरीकाकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून चहा दिला. तिथं सगळं कसं जागच्या जागी. डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या, त्यांच्या कडा जरा पिवळसर पडलेल्या. साखर, मीठ, हरभरा डाळ, चहा. मला माझ्या घरातल्या पसाऱ्याची लाज वाटली.

"त्यांचं ऐकून घे गं, पण मनावर घेऊ नकोस," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "माणूस थकला. काय पुस्तक बदललं, काय विमान बदललं. मला विचारशील तर विमानं सगळी सारखीच. एक पंखा काय, दोन पंखे काय."

"खोलीत कोण कोण जातं, काकू?"

"कोण जाणार? रविवारी तो दातांचा डॉक्टर येतो, सुश्रुत. त्यालाही विमानांचं वेड. आणि छबूबाई झाडलोट करायला. ती शनिवारपासून आली नाही. घाबरली म्हणे रक्ताला." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "मलाही भीती वाटते. घरात दोघंच म्हातारे."

मी कप खाली ठेवला. काकू उठल्या, पातेलं घेतलं आणि म्हणाल्या, "थांब, चहा टाकते तुला."

"झाला की आत्ता."

"अगं बाई, हो." त्या हसल्या. आमच्याकडे दुसरा कप घेतल्याशिवाय उठू देत नाहीतच, म्हणून मीही हसले.

छबूबाई स्टेशनामागं राहते. दारातच बसली होती, तळहातावर तंबाखू घेऊन अंगठ्यानं चुना मळत. मला बघून तिनं आधी पदर डोक्यावर ओढला.

"मी न्हाई जायाची त्या घरात. पगार बी नको."

"झालं काय, ते तर सांगा."

"मी फडक्यानं पुस्तकं पुशीत हुते. एक उघडं पडलं खाली. उचललं, पान नीट केलं, हा आंगठा असा लावला." तिनं अंगठा पुढं केला. "अन् माज्या डोळ्यांदेखत लाल झालं बघा. आधी काय बी न्हवतं. मंग दुसरं उघडून बघितलं, त्याला बी हात लावला तसं त्ये बी लाल. माजं बोट कापलेलं न्हाई, काय न्हाई. लई भ्या वाटलं बाई. लढाईत मेलेली मान्सं हायत त्या पुस्तकात. त्यांचंच रगात त्ये."

"सगळ्याच पुस्तकांना होतं तसं?"

"इतकी वर्सं पुसतीया, कदी झालं न्हाई. त्या दोनालाच." तिनं चिमूट ओठाखाली ठेवली. "सर देवमानूस हाय. पर त्यांच्यामागं कायतरी लागलंय, हे मातर खरं."

परतताना उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मी बाजूला उभी राहिले. भुताबितावर माझा विश्वास नाही, पण पिशवीत ८७७ होतं आणि ती पिशवी मला अंगाशी धरवेना. शेवटी ती मी स्कूटीच्या हँडलला टांगली.

३

बुधवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि पुस्तक उन्हात धरलं.

पुस्तक जुनं होतं. त्याला कसर लागलेली. वरच्या पुठ्ठ्याला मोहरीएवढं भोक होतं, आरपार. तेच भोक पहिल्या छापील पानाला, दुसऱ्याला, असं सातव्या पानापर्यंत एकाच जागी गेलं होतं. मी मागं आले. पुठ्ठ्याला भोक, पहिल्या छापील पानाला भोक, आणि या दोघांच्या मधलं सहीचं पान धडधाकट.

मी तीनदा बघितलं. कसर पुठ्ठ्यातून आत शिरते आणि वाटेतलं सगळं खात जाते. एखादं पान मध्येच सोडून ती पलीकडे उडी मारत नाही.

म्हणजे सहीचं पान या पुस्तकाचं नव्हतंच. नीट निरखल्यावर आतल्या बाजूला ब्लेडनं कापलेली अरुंद पट्टी दिसली. इथलं कोरं पान कापून त्या पट्टीवर सरांच्या सहीचं पान आणून चिकटवलं होतं. काम स्वच्छ होतं, पण बाइंडरचं नव्हतं. कीड लागू नये म्हणून आम्ही खळीत मोरचूद घालतो, त्याची निळसर छटा राहते. इथं ती नव्हती.

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. सर शहाणे होते! त्यांचं पुस्तक खरंच कुणीतरी नेलं होतं आणि जाताना त्यांच्याच सहीचं पान दुसऱ्या पुस्तकात चिकटवून ठेवलं होतं.

मग तो आनंद विरला. चोराला पुस्तक न्यायचं तर नेईल. तो सहीचं पान परत कशाला आणून ठेवेल? आकडा मोडू नये म्हणून, आणि सरांनी स्वतःचं अक्षर बघून स्वतःवरच संशय घ्यावा म्हणून. कुणीतरी त्या म्हाताऱ्याला, शांतपणे, एकेक पुस्तक करून वेडं ठरवत होतं. आणि तो माणूस त्या घरात येत-जात होता.

४

पहिला फोन मी अनिमेषला केला. सरांना वेडं ठरवून फायदा कुणाचा, तर ज्याला घर मोकळं मिळेल त्याचा.

"मोनिकाताई, प्लीज बाबांच्या डोक्यात काही भरवू नका," तो म्हणाला. मागं ऑफिसचा गलका होता. "मला हौस नाहीये त्यांना नेऊन टाकायची. आईच तीन महिने मागं लागली होती, लवकर काहीतरी कर म्हणून. आम्ही दोघांना घरी आणणार होतो, तर बाबा पुस्तकं सोडून येत नाहीत. मग काय करायचं?"

"पुस्तकांचं काय करणार आहात?"

"डॉ. सुश्रुत घेईन म्हणतायत."

सुश्रुत! मी दवाखान्यात गेले तेव्हा तो एका म्हातारीचा दात काढत होता. माझ्या हातात ८७७ बघून त्याचा चेहरा उतरला. बाई बाहेर जाईपर्यंत तो हात धूत राहिला, मग दार लावून घेतलं. खरं सांगते, त्या बंद खोलीत, त्या चिमट्यांच्या शेजारी, मला पळून जावंसं वाटलं.

"तुम्हाला कळलं ना?" तो म्हणाला.

"कळलं."

"सरांना सांगू नका. ते मला परत दारात उभं करणार नाहीत." त्यानं मोबाईल काढला. "ते आत पाणी प्यायला गेले की मी फोटो काढायचो. पुस्तक पसरून फोटो काढले की शिवण सैल होते म्हणून त्यांनी बजावलं होतं. पण ही पुस्तकं परत कुठं बघायला मिळणार?"

त्याचा गुन्हा एवढाच होता. मी फोटो बघितले. दसऱ्याच्या आदल्या रविवारचे. डाव्या पानावर सरांची सही, ८७७, आठाच्या शेपटाला शाईचा ठिपका. माझ्याजवळच्या पानावर होता तोच ठिपका. आणि उजव्या पानावर, समासात वरपासून खालपर्यंत, पेन्सिलीची बारीक टिपणं. कोल्हारच्या माणसाची.

"पुस्तक बदललंय हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

"सरांनी सांगितलं होतं. पण काकू म्हणाल्या, त्यांना भास होतात, वाद घालू नकोस. मी फोटो दाखवले असते तर... मी घाबरलो हो." त्याचे डोळे भरले. "मी त्यांना एकटं पाडलं."

पाडलंच, मी मनात म्हटलं. पण तो चोर नव्हता. चोरानं स्वतःविरुद्धचा पुरावा मोबाईलात जपला नसता.

राहिला हनुमंत रद्दीवाला. सर आता नगरला जात नाहीत, हनुमंतच नगरहून आणून त्यांना दाखवतो. बदललेली चारही पुस्तकं जुनी होती, म्हणजे ती रद्दीतूनच आलेली असणार. तो तराजूमागं बसला होता.

"हनुमंतभाऊ, सरांनी इतक्यात तुमच्याकडून विमानांची पुस्तकं घेतली?"

"सरांनी? न्हाई. दिवाळीपास्नं सरांनी येक बी घेतलं न्हाई." तो माझ्याकडे न बघता वजनं एकावर एक ठेवत राहिला. "मला काय बी इचारू नका, ताई. मी कुनाला तरी शबूद दिल्याला हाय."

संध्याकाळ झाली होती. शुक्रवारला मधे एकच दिवस उरला होता.

५

गुरुवारी दुपारी जेवताना माझ्या पांढऱ्या ओढणीवर भाजीचा रस्सा सांडला. मी उठून साबण लावला आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला.

हे दर घरात होतं. हळदीला साबण लागला, चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसंच करतात. मी ओला हात तसाच धरून उभी राहिले. छबूबाईचा अंगठा. चुना मळणारा अंगठा!

सरांनी दिलेली बाकीची तीन बदललेली पुस्तकंही माझ्याकडेच होती. एकावर ८७७ सारखाच डाग, दोन स्वच्छ. पानपट्टीवरून चुना आणला आणि बोटाच्या टोकानं एका स्वच्छ पुस्तकाच्या सहीच्या पानाला, शिवणीपाशी, लावला. लाल. दुसऱ्याला लावला. लाल. त्याच पुस्तकाच्या मागच्या पानाला लावून बघितला तर पांढराच राहिला.

खळीत हळद होती. रक्त नव्हतं, मेलेले वैमानिक नव्हते. कीड लागू नये म्हणून कुणीतरी कणकेच्या खळीत चिमूटभर हळद टाकली होती. कुठलाही बाइंडर असं करत नाही. सुश्रुत खानावळीत जेवतो, हनुमंत डिंकाची बाटली वापरतो. तांदळाला, डाळीला, लोणच्याला जपणारा हात हळदीकडे जातो.

पिवळ्या कडांच्या चिठ्ठ्या मी कुठं बघितल्या होत्या, हे मला ओढणी पिळतानाच आठवलं. ते दुसऱ्या कुणाचंही काम निघालं असतं तर बरं झालं असतं.

६

सर दुपारी दोन ते तीन झोपतात. मी मागच्या दारानं गेले. काकू गहू निवडत होत्या.

मी पुडीतला चुना बोटावर घेतला आणि 'साखर' लिहिलेल्या चिठ्ठीच्या कडेला लावला. ती लाल झाली. काकू त्या लाल रेघेकडे बघत राहिल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्ही म्हणालात विमानं सगळी सारखीच," मी म्हटलं. "पण नॅटच्या जागी नॅट, कॅनबेराच्या जागी कॅनबेरा. जेवताना चाळीस वर्षं ऐकलंय तुम्ही. नोंदवहीत नाव नसतं हे तुम्हाला माहीत. अनिमेषला फोन तुम्ही केले. हनुमंतानं शब्द दिला तो तुम्हाला. 'सरांनी घेतलं नाही,' म्हणाला तो, खोटं नाही बोलला; घेतली तुम्ही. एवढं सगळं मला जुळलं. का, ते जुळेना. मग या चिठ्ठ्या आठवल्या. चाळीस वर्षं याच स्वयंपाकघरात वावरलेली बाई साखरेला आणि मिठाला चिठ्ठ्या कशाला लावेल?"

काकूंनी तोंडावर पदर धरला.

"दिवाळीत एकटीच एसटीनं नगरला जाऊन आले," त्या म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, सुरुवात आहे, वाढत जाईल. मंडईतून घरी यायची वाट आठवेना मला एकदा, मोनिका. देवळाच्या पायरीवर बसून राहिले. कुणाला विचारायचं, माझं घर कुठं म्हणून?"

"मग सरांना सांगायचं."

"सांगितलं असतं, तर अनिमेषनं मला नेलं असतं. एकटीला. हे पुस्तकं सोडून आले नसते, आणि इथं एकट्यानं राहिले असते तर चहासुद्धा करून घेता येत नाही यांना. अनोळखी लोकांत मी एकटी, आणि मला कुणाचं तोंडही आठवायचं नाही." त्यांना धाप लागली. "म्हटलं, आजारी हेच ठरले तर आम्हाला दोघांना नेतील. मी यांना सांभाळायला म्हणून जाईन. माझं कुणाला कळणार नाही. यांचा हात तरी धरता येईल. फार वाईट केलं मी. यांना घाबरलेलं बघून रोज वाटायचं, आज सांगावं. मग कधी कधी... सांगायचं काय होतं, तेच जायचं."

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. "खरी पुस्तकं कुठं आहेत, काकू?"

"आहेत की. टाकली नाहीत मी. कडुलिंबाचा पाला घालून नीट बांधून ठेवलीत." त्या उठल्या, गव्हाच्या कोठीचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला. मग कोपऱ्यातली ट्रंक उघडली. मग माळ्याकडे बघितलं. परत कोठीपाशी आल्या आणि परत हात घातला. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"इथंच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "मोनिका, मी कुठं ठेवली गं?"

दारात सर उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"तीन महिने," ते म्हणाले. "तीन महिने मी मलाच घाबरत होतो, नीलू."

काकू गव्हात हात घालून तशाच उभ्या होत्या आणि त्यांच्या दंडापर्यंत काटा आलेला दिसत होता. मला वाटलं, आता ते ओरडतील. मला वाटलं, ओरडावंच त्यांनी. पण ते पुढं आले, ट्रंकेपाशी गुडघे टेकून बसले आणि एकेक लुगडं बाहेर काढायला लागले. "घाबरू नकोस. शेवटी कुठं बघितल्यासारखं वाटतं? सावकाश सांग," ते म्हणाले. आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत घर पालथं घातलं. एकही पुस्तक सापडलं नाही.

७

शुक्रवारी दहा वाजता अनिमेषची गाडी आली. माझ्या पिशवीत कसरीचं पुस्तक होतं आणि मोबाईलात सुश्रुतनं पाठवलेला फोटो. सर शहाणे आहेत हे सिद्ध करायला पाच मिनिटं पुरली असती. सगळी रात्र मी ती वाक्यं जुळवत होते.

"बाबा, निघायचं ना?" अनिमेष घाबरतच म्हणाला. त्यालाही वाटलं होतं, तमाशा होईल.

"निघू," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मोनिकानं तीन दिवस खपून बघितलं. माझंच चुकलं. पुस्तकं मीच कुठंतरी ठेवली आणि मीच विसरलो."

माझा हात पिशवीत होता. तो मी बाहेर काढला.

"पण माझी एक अट आहे," सर म्हणाले. "तपासणी दोघांची करायची, हिचीही, सगळी. आणि जिथं ठेवाल तिथं दोघांना एकत्र. एकट्याला ठेवणार असाल तर मी गाडीत पाय घालत नाही. मग तू मला वेडा म्हण, चालेल."

"आईची कशाला?" अनिमेष म्हणाला.

"मी सांगतो म्हणून," सर म्हणाले. शाळेत म्हणायचे तसं. अनिमेषनं मान हलवली.

खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवायला सांगितलं. बाकी पुस्तकांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मागं वळूनही बघितलं नाही.

काकू आधीच मागच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन. सर शेजारी बसले तसा काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि थोपटला. त्यांच्या चेहऱ्यावर कालचं काहीही नव्हतं, भीतीही नाही. त्या माझ्यासमोर नाटक करत होत्या की कालची दुपार त्यांच्या डोक्यातून खरंच गेली होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

"तुम्ही काळजी करू नका हं," काकू त्यांना म्हणाल्या. "तुम्हाला काही आठवलं नाही तरी मी आहे ना. मी सांगत जाईन सगळं."

"हो," सर म्हणाले. "तू सांगत जा." आणि अनिमेषनं गाडी सुरू केली.